घर दाखविणारा माणूस



कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने या व्याख्यानमालेत उभे राहून बोनसवर, महागाईभत्त्यावर, फार तर किमान वेतनाच्या कायद्यावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आज मी एका घराविषयी आणि ते घर परक्या लोकांना दाखविणाऱ्या माणसाविषयी बोलणार आहे. विषय भलताच वाटेल, पण तो फिरून फिरून शेवटी पगारापाशीच येतो, हे आपल्या ध्यानात येईल.

आरंभ आपल्या गावातूनच करू. भैया चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे जन्मघर आपल्या महानगरपालिकेने स्मारक म्हणून राखले आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेला हा सोलापूरचा मुलगा १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांच्या शुश्रूषेला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारला. त्याचे घर पाहावयास चीनचे पाहुणे येथवर येतात. आता तो पाहुणा दारात उभा आहे असे समजा. त्याला छायाचित्र दिसते, लाकडी जिना दिसतो, जुनी भिंत दिसते. पण हा मुलगा येथून का गेला, तो परतला नाही तेव्हा या घरावर काय कोसळले, हे भिंत सांगत नाही. ते सांगावयास माणूस लागतो. आणि तो पाहुण्याला समजेल अशा भाषेत बोलणारा लागतो.

वाडा असो, महाल असो की चाळ असो, जपून ठेवलेल्या घराचा इतिहास हा असा दाखविणाऱ्याच्या जिभेवर वसत असतो. ही जीभ कोणाची, तिला किती भाषा येतात, आणि तिच्या धन्याच्या पोटाची काळजी कोण वाहतो, हे तीन प्रश्न मला आपल्यापुढे मांडावयाचे आहेत.

पहिला प्रश्न, जीभ कोणाची?

घर दाखविणे हे मुळात नोकराचे काम. इंग्लंडातील जमीनदारांच्या मोठमोठ्या गढ्या पाहावयास अठराव्या शतकात प्रवासी येत, तेव्हा मालक त्यांना सामोरा जात नसे. घरातली कारभारीण चाव्यांचा जुडगा घेऊन पुढे होई, दालनामागून दालन दाखवी, धन्याची थोरवी सांगे आणि निघताना हातावर पडेल ती बक्षिशी घेई. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या कादंबरीत अशी एक कारभारीण आपल्या धन्याची स्तुती करते आणि त्या स्तुतीने नायिकेचे मन फिरू लागते. नोकराच्या तोंडून मालकाचा इतिहास, ही या धंद्याची जुनी रीत.

पुढे अमेरिकेत घरे राष्ट्राची म्हणून जपण्याची प्रथा पडली. न्यूयॉर्क राज्याने १८५० साली न्यूबर्ग गावचे हॅस्ब्रूक यांचे घर ताब्यात घेतले, कारण क्रांतियुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनचा तळ तेथे होता. १८५८ साली काही स्त्रियांनी वर्गणी गोळा करून वॉशिंग्टनचे माउंट व्हर्नन येथील राहते घर विकत घेण्याचा करार केला. त्या घराच्या आवारात वॉशिंग्टनची समाधी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या समाधीपाशी एडमंड पार्कर नावाचे एक काळे गृहस्थ पहारा देत आणि आलेल्या लोकांना माहिती सांगत. ते जन्माने गुलाम होते आणि त्याच जमिनीवर गुलाम म्हणून राबले होते. स्वातंत्र्याच्या शिल्पकाराचा इतिहास सांगणारा माणूस त्याच घराण्याचा गुलाम होता! त्यांनी लोकांना काय सांगितले असेल, आणि काय गिळून टाकले असेल, याचा विचार आपणच करावा. सांगण्याचे काम त्यांचे, पण काय सांगावयाचे ते ठरविण्याचा अधिकार मात्र त्यांचा नव्हता.

थोरांची घरे अशी राखली गेली. पण मजुराचे घर कोण राखणार? त्याच्या घरात राखण्यासारखे असते तरी काय? या प्रश्नाचे उत्तर न्यूयॉर्क शहरातील एका इमारतीने दिले आहे. मी अमेरिकेला गेलेलो नाही. पण गेली काही वर्षे संघटनेच्या कामातून उरलेल्या रात्री त्या इमारतीविषयी मिळेल ते वाचण्यात घालविल्या आहेत, आणि त्या वाचनाचे फळ आपल्यापुढे ठेवतो.

मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण भागात ऑर्चर्ड स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथील ९७ क्रमांकाची पाच मजली इमारत लुकास ग्लॉकनर नावाच्या जर्मन शिंप्याने १८६३ साली बांधली. मजल्यावर चार बिऱ्हाडे, बिऱ्हाडाला तीन खोल्या, आणि तिन्ही मिळून जागा सुमारे ३२५ चौरस फूट, म्हणजे आपल्या दहा बाय बाराच्या जेमतेम पावणेतीन खोल्या. बाहेरचा उजेड फक्त एका खोलीला. पाणी परसातून भरून आणावयाचे, शौचकूपही परसातच. १९०१ साली भाड्याच्या इमारतींचा नवा कायदा झाला, तेव्हा कोठे मजल्यावर दोन संडास आले आणि आतल्या भिंतींना खिडक्या पाडल्या गेल्या. १९३५ साली कायद्याने आणखी दुरुस्त्या मागितल्या. मालकाने हिशेब केला आणि दुरुस्ती करण्यापेक्षा भाडेकरू काढणे स्वस्त ठरविले. खालची दुकाने चालू राहिली, वरचे मजले बंद झाले. या बहात्तर वर्षांत वीसांहून अधिक देशांतून आलेली सुमारे ७,००० माणसे त्या छपराखाली राहून गेली होती.

पुढे पन्नासेक वर्षे ते मजले धूळ खात पडले. १९८८ साली रूथ अब्राम आणि अनिता जेकबसन या दोन स्त्रिया स्थलांतरितांच्या संग्रहालयासाठी जागा शोधीत असता त्यांना हे घर सापडले. भिंतीवर कागदाचे थरावर थर, सोलून निघालेला रंग, अंधारा जिना. भाडेकरू सोडून गेले होते तसेच सगळे होते. त्यांनी ते चकचकीत केले नाही. एकेका बिऱ्हाडाचा शोध जनगणनेच्या नोंदींतून, न्यायालयाच्या कागदांतून आणि मुलानातवंडांच्या आठवणींतून घेतला आणि एकेक खोली उभी केली. १९९४ साली या इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान मिळाला. जो मान वॉशिंग्टनच्या घराला, तोच शिंप्याच्या या चाळीला!

या घरात मनाला येईल तसे भटकता येत नाही. दहा-पंधरा माणसांची तुकडी करून मार्गदर्शक त्यांना जिन्याने वर नेतो. खोलीत थोरांच्या घरासारखी तलवार नाही, सिंहासन नाही. एक चूल, एक इस्त्री, शिवणाचे यंत्र, पत्र्याचा डबा. मार्गदर्शक गप्प राहिला तर प्रेक्षकाला जुन्या बाजारात आल्यासारखे वाटेल. तो बोलू लागला म्हणजे मात्र नताली गुम्पर्ट्झ पुढे येते. जर्मन भाषिक ज्यू बाई. नवरा १८७४ साली एके दिवशी घराबाहेर पडला तो परतलाच नाही. पदरी चार मुले. तिने घरीच बायकांचे कपडे शिवावयास घेतले आणि संसार रेटला. नऊ वर्षांनी सासऱ्याच्या वारशातला वाटा मिळावा म्हणून १८८३ साली तिने न्यायालयाकडून नवऱ्याला मृत ठरवून घेतले. तो कागद झाला नसता तर तिचे नावही आज कोणास ठाऊक नसते. गरिबाचा इतिहास बहुधा कोर्टाच्या आणि सावकाराच्याच दप्तरात सापडतो, हा आपल्याकडचाही अनुभव आहे.

तिच्या मागून पोलंडातून आलेले हॅरिस आणि जेनी लेव्हिन. १८९० नंतर त्यांनी त्या तीन खोल्यांतच कपडे शिवण्याचा कारखाना मांडला. दिवसा यंत्र चाले, इस्त्रीवाला चुलीवर इस्त्र्या तापवी, पाळण्यात मूल रडे, आणि रात्री तीच जागा निजण्याची. हे ऐकताना मला आपल्या पूर्वभागातील घरे आठवतात. एका बाजूला माग, त्याच्या धडधडीत अभ्यास करणारी पोरे, उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी आजी. घर कोठे संपते आणि कारखाना कोठे सुरू होतो हे तिकडच्या फॅक्टरी इन्स्पेक्टरला समजत नव्हते, इकडच्यालाही समजत नाही.

पुढे लिथुआनियातून आलेले रोगार्शेव्हस्की कुटुंब. घरधनी कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवाला, १९१८ साली क्षयाने गेला. बायकोने त्याच इमारतीची झाडलोट पत्करून डोक्यावरचे छप्पर टिकविले. आणि शेवटी सिसिलीहून आलेले बाल्दिझी. त्यांची मुलगी जोसेफीन म्हातारपणी स्वतः या संस्थेला आठवणी सांगून गेली. तिचा आवाज त्या खोलीत ऐकविला जातो. आई रेडिओवर इटालियन श्रुतिका ऐके आणि रडे, असे ती सांगते. इंग्रजीच्या महासागरात तेवढी एक पेटी त्या माउलीच्या भाषेत बोलत होती.

येथे आपण दुसऱ्या प्रश्नापाशी येतो. त्या जिभेला किती भाषा येतात?

त्या एका जिन्यावर जर्मन, यिद्दिश, इटालियन आणि आणखी किती तरी भाषा चढल्या-उतरल्या. इंग्रजी ही बाहेरची, कचेरीची भाषा होती. १९१३ साली कास्टोरियाहून कॉन्फिनो नावाचे कुटुंब तेथे राहावयास आले. तेही ज्यू, पण त्यांची बोली लादिनो, म्हणजे जुन्या स्पॅनिश वळणाची. शेजारपाजारचे ज्यू यिद्दिश बोलणारे. ज्याला यिद्दिश येत नाही तो ज्यू कसला, असा संशय अशा लोकांविषयी घेतला जाई. धर्म एक, मोहल्ला एक, दारिद्र्यही एक, आणि मध्ये भाषेची भिंत! याच १९१३ साली, त्याच शहराच्या उत्तरेकडील कोलंबिया विद्यापीठात आपले बाबासाहेब आंबेडकर शिकावयास दाखल झाले होते. मुंबईत त्यांनी आयुष्याची वीसेक वर्षे परळच्या बी. आय. टी. चाळीत काढली. तेव्हा अशा घरांत माणूस कसा वाढतो, हे त्यांना कोणी समजावून सांगावयास नको होते.

भाषेच्या या भिंतीची किंमत कामगाराने नेहमीच मोजली आहे. २२ नोव्हेंबर १९०९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या कूपर युनियन सभागृहात शर्टवेस्ट शिवणाऱ्या मुलींची सभा भरली. पुढाऱ्यांची भाषणे तास-दोन तास चालली, निर्णय मात्र होईना. तेव्हा क्लारा लेम्लिक नावाची तरुण कामगार मुलगी उठली आणि तिने यिद्दिशमध्ये चार वाक्यांत सार्वत्रिक संपाची मागणी केली. सभागृह उसळले. सुमारे वीस हजार मुली कामावरून उतरल्या. पण या विजयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सभा यिद्दिशमध्ये, पुढारी यिद्दिश बोलणारे, म्हणून शेजारच्याच यंत्रावर बसणाऱ्या इटालियन मुली त्या संपात फार थोड्या आल्या. त्यांच्या भाषेत त्यांना सांगणारे कोणी पुरेसे नव्हते. २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल कारखान्याला आग लागली आणि १४६ कामगार मेले, त्यांत ज्यू आणि इटालियन मुली शेजारी शेजारी जळाल्या. आगीला दुभाषी लागला नाही.

हे मी मोठ्या तोंडाने सांगतो, कारण ही चूक मीही केली आहे. संघटनेत नवा होतो. पूर्वभागात विडी कामगार बायांची सभा होती. छाटीच्या नावाखाली चांगल्या विड्या काढून घेतल्या जात, त्याविरुद्ध एक दिवस काम बंद ठेवावयाचे होते. मी मराठीत तासभर बोललो आणि शेवटी ओरडलो, "उद्या संप!" पुढे बसलेली एक अव्वा नुकतीच तेलंगणातून लेकीकडे आलेली. ती दचकून शेजारणीला म्हणाली, "एवर्नि संपाले?" म्हणजे, कोणाला ठार मारावयाचे? त्यांच्या बोलीत 'संपु' म्हणजे मारून टाक! सगळ्या बाया हसल्या, मीही हसलो. पण रात्री झोप लागली नाही. तेलुगूत सम्मे, कानडीत मुष्कर, उर्दूत हडताल, हे शब्द मी त्यानंतर शिकलो. त्या बायकांच्या पोटाविषयी बोलावयाचे आणि त्यांच्या कानापर्यंत पोहोचावयाचे नाही, याला पुढारीपण म्हणता येत नाही.

अनेक भाषांत घर दाखविणाऱ्याची अडचण हीच आहे, आणि ती नुसत्या शब्दकोशाने सुटत नाही. मराठी माणसाला ऑर्चर्ड स्ट्रीटचे घर दाखवावयाचे तर मी त्याला 'चाळ' म्हणेन. त्याबरोबर ऐकणाऱ्याचे डोळे उजळतील. पण आपल्या चाळीला लांब सज्जा असतो. तेथे पापड वाळतात, भांडणे होतात, गणपती बसतो. त्या घराला सज्जा नव्हता, होता अंधारा जिना. म्हणून 'चाळ' म्हटल्यावर लगेच सांगावे लागेल, की बाबांनो, यातून सज्जा वजा करा. तेथे एकाच गावाहून आलेले लोक आपापली मंडळे काढीत, आजाऱ्याला मदत करीत, मेलेल्याची मूठमाती करीत. याला मराठीत 'गाववाले' आणि 'गावकीची खोली' हे तयार शब्द आहेत, आणि गिरणगाव पाहिलेल्या माणसाला पुढे एक अक्षर सांगावे लागणार नाही. तीच गोष्ट जर्मन सरदाराच्या वंशजाला सांगावयाची तर अर्धा तास लागेल. शब्द बदलला म्हणजे घराचे कोणते दार आधी उघडावयाचे ते बदलते. पाठ केलेले एकच भाषण चार भाषांत म्हणणारा म्हणजे पोपट. ज्याला ऐकणाऱ्याच्या घरात काय आहे हे ठाऊक असते आणि तेथून जो आपल्या घरापर्यंत त्याला चालवीत आणतो, तो खरा दुभाषी.

असा माणूस इतिहासात भरही घालतो. ऑर्चर्ड स्ट्रीटच्या त्या घरात १८६९ साली जोसेफ मूर नावाचा आयरिश वेटर राहत होता. त्याची नोंद दाखविताना शहराच्या त्या सालच्या निर्देशिकेचे पान पुढे केले जाई. त्या पानावर लगतच दुसरा एक जोसेफ मूर होता. तोही वेटर, पण नावापुढे तो काळा असल्याची खूण. हा दुसरा कोण, असे घर पाहणारे विचारू लागले. ज्याला फक्त पाठ म्हणावयाचा आहे तो म्हणाला असता, त्याचा आपल्या घराशी संबंध नाही. पण प्रश्न वर गेला, शोध झाला, आणि २०२३ च्या अखेरीस या दुसऱ्या जोसेफ मूरचे आणि त्याच्या पत्नीचे, रेचेलचे बिऱ्हाड त्याच इमारतीत उभारून लोकांना खुले झाले. तो त्या घरात कधीच राहिला नव्हता. दाखविण्याच्या ओघात उठलेल्या एका प्रश्नामुळे दीडशे वर्षांनी त्याला तेथे खोली मिळाली.

आता तिसरा प्रश्न, आणि तो माझ्या धंद्याचा. घर दाखविणाऱ्याचे पोट कोण पाहतो?

दिवसभर उभे राहावयाचे. प्रदर्शनातल्या खुर्चीवर बसावयाचे नाही. तोच जिना दिवसातून अनेकदा चढावयाचा, तीच नतालीची गोष्ट पहिल्यांदा सांगत असल्यासारखी सांगावयाची, घसा बसला तरी आवाज खाली येऊ द्यावयाचा नाही. कोणी आजोबांच्या आठवणीने रडतो त्याला सावरावयाचे, कोणी आजच्या स्थलांतरितांना शिव्या देतो त्याला न दुखविता उत्तर द्यावयाचे. एवढी विद्या, एवढ्या भाषा, एवढी सहनशीलता, आणि नोकरी बहुधा अर्धवेळेची, तासाच्या हिशेबाची. आमच्या भाषेत सांगावयाचे तर रोजंदारी. बाई कारखान्यात कशी पिळली गेली हे सांगणाऱ्याला स्वतःच्या पुढच्या महिन्याचे घरभाडे कसे भरावयाचे याची चिंता असते.

तेव्हा या संग्रहालयातील लोकांनी तेच केले जे त्यांच्या गोष्टींतील माणसांनी केले होते. २०१९ साली त्यांनी मतदान करून युनियन पत्करली. युनियन मूळची मोटार कामगारांची, तिच्या न्यूयॉर्कमधील शाखेत हे इतिहास सांगणारे सामील झाले. मोटार जोडणारा आणि घर दाखविणारा एका झेंड्याखाली आले, याचे काहींना हसू येईल. मला येत नाही. श्रम विकून जगणारा तो कामगार, मग त्याचे हत्यार हातोडा असो की जीभ असो.

दुसऱ्याच वर्षी, मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीने दारे बंद झाली. संस्थेचे उत्पन्न मुख्यतः तिकिटांवर. जुलै महिन्यात सत्तराहून अधिक नोकर कमी करण्यात आले, त्यांत बहुतेक मार्गदर्शकच होते. मी संस्थेला दूषण देत नाही. तिजोरी रिकामी होते तेव्हा काय होते ते आम्ही गिरण्यांत पाहिले आहे. पण एक गोष्ट नोंदविली पाहिजे. खोल्या राहिल्या, चुली राहिल्या, इस्त्र्या राहिल्या आणि जीभ कमी झाली. मग त्या घरात उरले काय? आपण वस्तूला ठेवा म्हणतो आणि ती सांगणाऱ्या माणसाला खर्च म्हणतो. हिशेबाची ही वही कोठे तरी चुकली आहे.

या संस्थेने जवळच, ऑर्चर्ड स्ट्रीटच्या १०३ क्रमांकात, २०१७ साली आणखी काही बिऱ्हाडे लोकांपुढे मांडली. त्यांत वाँग नावाचे एक चिनी कुटुंब आहे. घरची बाई चायनाटाउनच्या शिवण कारखान्यात काम करणारी, युनियनची सभासद. २४ जून १९८२ रोजी त्या वस्तीतील सुमारे वीस हजार शिवणकामगार कराराच्या मागणीसाठी रस्त्यावर आले, बहुतेक सगळ्या चिनी बाया. मालकांना वाटले होते, या बाया इंग्रजी बोलत नाहीत, त्या कसल्या उभ्या राहतात? त्या उभ्या राहिल्या आणि करार झाला. १९८२ हे साल ऐकताच आपल्या छातीत कळ येते. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांनी संप सुरू केला होता, आणि तो हरला. त्यांच्या जिंकलेल्या संपाला आज दाखविण्यासाठी खोली आहे आणि खोलीत बोलणारा माणूस आहे. आमच्या गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती झाल्या. चाळीही एकामागून एक उतरत आहेत. शंभर वर्षे कोकणातला, घाटावरचा, उत्तरेकडचा, तेलुगू मुलखातला माणूस तेथे शेजारी शेजारी निजला. ते कोणत्या खोलीत उभे राहून, कोणी, कोणत्या भाषेत सांगावयाचे?

आणि मुंबईकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. आपले सोलापूर मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार जिभांनी बोलते. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले आपले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, यांची नुसती नावे वाचली तरी गावातल्या घराघरांत कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात ते समजते. हे गाव बहुभाषिक मार्गदर्शकांची खाणच आहे. चौकात चहा पिताना आपली पोरे तीन भाषांत थट्टा करतात. पण हे ज्ञान आहे, याला किंमत आहे, असे त्यांना कोणी सांगितलेले नाही. मागावाल्याचे एखादे घर, विडी कामगार बाईची एखादी खोली आपण राखून ठेवावी, आणि त्याच वस्तीतील मुलामुलींना शिकवून, रीतसर पगार देऊन ती दाखविण्यास नेमावे. मानधन नव्हे, बक्षिशी नव्हे, पगार! मग कानडी मुलखातल्या पाहुण्याला ते कानडीत सांगतील, हैदराबादच्या पाहुण्याला तेलुगूत आणि उर्दूत सांगतील. आणि आपली म्हातारी अव्वा तेथे आली तर तिला 'संप' म्हणजे काय ते न दचकविता सांगतील.

शेवटी पुन्हा भैया चौकात येतो. १९३८ साली हिंदुस्थानातून जे पाच डॉक्टर चीनला गेले, त्यांनी तेथे आपल्या नावांना 'हुआ' हे अक्षर जोडून घेतले. 'हुआ' म्हणजे चीन. कोटणीस तेथे 'के दिहुआ' झाले. ते चिनी शिकले, आणि एवढे शिकले की शस्त्रक्रियेचे पाठ विद्यार्थ्यांना चिनीतून देऊ लागले. जखमी शिपायाला कोठे दुखते ते त्याच्या भाषेत विचारल्याखेरीज त्याच्यावर उपचार कसा करणार? पुढे तेथेच त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला आणि त्याचे नाव ठेवले 'यिनहुआ'. यिन म्हणजे हिंदुस्थान आणि हुआ म्हणजे चीन. साडेतीन महिन्यांनी बाप गेला.

चीनचा पाहुणा त्या घराच्या दारात येईल तेव्हा त्याला हे नाव सांगणारे कोणी तरी तेथे उभे असावे. त्याला चिनी येत नसेल तर ते एक नाव तरी नीट उच्चारता यावे. आणि दिवस संपल्यावर त्याने घरी न्यावयाची पगाराची पाकीट आपण, या गावाने, भरलेली असावी. एवढेच मागणे मागून आपली रजा घेतो.